पन्नास तोंडं, एकच हात

एआयच्या मदतीनं ठरवून पसरवलं जाणारं खोटं, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : अफवा काय आजच्या आहेत का? पूर्वी पारावर पसरायच्या, मग व्हॉट्सअॅपवर आल्या. एआयनं त्यात नवीन असं काय केलं?
— निवृत्त शिक्षक, कराड

अफवेला धनी नसतो, मोहिमेला असतो. कुणीतरी पैसा घालतो, माणसं बसवतो आणि कुणाच्या मनात काय भरवायचं ते ठरवतो. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत ढवळाढवळ करणारी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या आरोपपत्रानुसार त्या उद्योगाचा महिन्याचा खर्च सप्टेंबर २०१६ पर्यंत साडेबारा लाख डॉलरच्या वर गेला होता. शेकडो पगारी माणसं, रात्रपाळ्या, खोट्या अमेरिकी नावांची खाती, असा तो कारखानाच होता.

अशा कारखान्यांचा माल दोन ठिकाणी पकडला जायचा. एक म्हणजे भाषा: परक्या माणसाच्या लिहिण्यात कुठेतरी खडा लागायचाच. दुसरं म्हणजे पुनरुक्ती: तोच मजकूर शंभर खात्यांवरून जसाच्या तसा चिकटवलेला असायचा आणि फेसबुकसारख्या कंपन्यांच्या यंत्रणा तो जुळवून काढायच्या. एआयनं या दोन्ही खुणा पुसल्या. उदाहरणादाखल, ‘हळदीचे भाव पडणार, माल आत्ताच विका’ ही एकच थाप घ्या. भाषेच्या मॉडेलला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या एआयला, सांगितलं की ही गोष्ट वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी घाल, तर ते काही सेकंदांत असं लिहून देतं :

‘लगा, अजून ठेवलायस व्हय माल? काढ की.’

‘आमच्या पाव्हण्यानं काल नेला हुता, कोण इचारंना बगा.’

‘सौद्यातील आवक पाहता पुढील आठवड्यात दर टिकणे कठीण वाटते. प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा.’

एक पोरगा, एक बाई, एक जाणकार गृहस्थ. तिघांत एकही वाक्य सामाईक नाही, म्हणून जुळणी करणारी यंत्रणा गप्प राहते. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की सगळीकडून हेच ऐकू येतंय. माणूस एका अनोळखी मेसेजवर पटकन विश्वास ठेवत नाही, पण चार वेगळ्या तोंडांनी तीच गोष्ट ऐकली की मन डळमळतं. मोहीम चालवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. मराठीला आजवर एक आयतं कुंपण होतं: बाहेरच्याला आपली बोली लिहिता येत नव्हती आणि मशीनचं मराठी दोन ओळींत ओळखू यायचं. ते कुंपण आता जवळपास पडलं आहे, आणि मोठ्या कंपन्यांची देखरेख इंग्रजीत जेवढी तरबेज आहे तेवढी मराठीत नाही. म्हणून आपण जास्त सावध असायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जून २०२३ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. ६९७ लोकांना आरोग्य आणि विज्ञानाबद्दलचे छोटे संदेश दाखवले, काही माणसांनी लिहिलेले, काही जीपीटी-३ या भाषेच्या मॉडेलनं. कुठला कुणाचा हे लोकांना ओळखता आलं नाही. शिवाय माणसानं लिहिलेल्या खोट्यापेक्षा मशीननं लिहिलेलं खोटं त्यांना जास्त वेळा खरं वाटलं.

आता दुसरी बाजू. मजकूर स्वस्त झाला, पोहोच स्वस्त झालेली नाही. खात्यांना फोन नंबर लागतात, नवीन खात्याला कुणी ओळखत नाही, ग्रुपमध्ये शिरायला आतला माणूस लागतो. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं आपल्या मॉडेलचा गैरवापर करणाऱ्या पाच छुप्या मोहिमा बंद केल्याचं जाहीर केलं. त्यांतली एक इस्रायलमधल्या व्यावसायिक कंपनीची होती आणि तिनं भारतातल्या लोकसभा निवडणुकीबद्दलही मजकूर टाकला होता. त्या मोहिमांना एआयमुळे मोठा वाचकवर्ग मिळाला असं मात्र दिसलं नाही. म्हणजे शेवटची कडी अजूनही माणूसच आहे: तुमच्या ओळखीचा, तुमच्या ग्रुपमधला, पुढे ढकलणारा.

प्रश्न :  ऐन हंगामात ‘हळदीचे भाव पडणार, माल विका’ अशा कॉमेंट येतात. खरा शेतकरी कोण आणि बनावट खातं कोणतं, हे कसं ओळखायचं?
— हळद उत्पादक, मिरज तालुका

वाक्य तपासत बसू नका, वागणूक तपासा. कामीय फ्रान्स्वा या अभ्यासक बाईंनी २०१९ मध्ये अशा मोहिमा तपासण्याची तीन अंगं मांडली: करणारा कोण, वागतो कसा, मजकूर काय. एआयनं तिसरं अंग सर्वांत पक्कं झाकलं आहे. दुसरं झाकणं सर्वांत अवघड.

फेसबुकवर पेज असेल तर त्याच्या माहितीत ‘पेज ट्रान्स्परन्सी’ उघडा. पेज कधी काढलं, नाव किती वेळा बदललं आणि चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसतं. वर्षापूर्वी क्रिकेटचं असलेलं पेज आज शेतकऱ्यांचा कैवार घेत असेल तर ते विकत घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. व्यक्तीचं खातं असेल तर जुन्या पोस्ट बघा. गावची जत्रा, कुणाचं लग्न, नातेवाइकांच्या शुभेच्छा, असला रोजचा पसारा खऱ्या खात्यावर असतोच. बनावट खात्यावर देवाचे फोटो, सुविचार आणि मग एकदम भाव. वेळही बघा: पोस्ट पडल्यावर पाच-दहा मिनिटांत सात-आठ अनोळखी खाती एकाच सुरात बोलायला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पेजवर तीच खाती तशीच आली, तर तो योगायोग समजू नका.

मग थेट विचारा: ‘दादा, कुठल्या अडत्याकडं लावला माल? पट्टीचा फोटो टाका की.’ खरा माणूस चिडेल, शिव्या देईल किंवा सांगेल. बनावट खातं गोलगोल बोलेल. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, बनवून टाकली, तर त्यावरच्या अडत दुकानाला फोन करून नंबर आणि तारीख ताडून घेता येते. यातली कुठलीही एक खूण पुरावा होत नाही. खरा शेतकरीही नवीन खातं काढतो, लाजतो, उत्तर देत नाही. तीन-चार खुणा एकत्र आल्याशिवाय कुणाला ‘बनावट’ म्हणू नका, कारण खऱ्या माणसाचं तोंड बंद करणं हेही अशा मोहिमेच्या पथ्यावरच पडतं.

भावापुरतं बोलायचं तर बाजार समितीचा त्या दिवसाचा तक्ता बघा. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे वेगळे आकडे असतात. फसवणूक बहुधा तिथेच होते: हलक्या मालाचा किमान दर उचलून ‘आजचा भाव’ म्हणून फिरवतात, किंवा गड्ड्याचा दर हळकुंडाच्या नावावर खपवतात. आकडा खरा, अर्थ खोटा. आणि यातलं नुकसान किती होऊ शकतं हे कोंबडीवाल्यांना विचारा. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये ‘चिकनमुळे कोरोना होतो’ या अफवेनं राज्यभर दर कोसळले, तेव्हा तर एआयची गरजही लागली नव्हती.

प्रश्न : पावसाळ्यात ग्रुपवर कोयनेचे दरवाजे, आयर्विन पुलाला लागलेलं पाणी असे व्हिडिओ येतात. आता तर एआयनं पूरसुद्धा बनवता येतो म्हणे. आम्ही नदीकाठचे. कशावर विश्वास ठेवायचा?
— गृहिणी, गावभाग, सांगली

२०१९ आणि २०२१ चे पूर सोसलेल्या माणसांचा हा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खऱ्या विसर्गाच्या सूचनेला एक ठरलेला साचा असतो: तारीख आणि वेळ, धरणातला साठा टीएमसीमध्ये (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), दरवाजे किती फूट उघडले, त्यातून किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी), आणि पायथा वीजगृहातून वेगळे किती. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी, वक्र दरवाजे सहा, पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू असली तर तिथून २,१०० क्युसेक. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. हे पाच-सहा आकडे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. खोट्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा घड्याळाची वेळ नसते, ‘आत्ताच’ असतं. एकक चुकलेलं असतं. ‘प्रशासन लपवतंय’ हे हमखास असतं.

एक हिशोबही जवळ ठेवा. ११,५७४ क्युसेकनं २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. कुणी म्हणालं की ‘कोयनेतून एका रात्रीत २० टीएमसी सोडलं’, तर १२ तासांत त्यासाठी सुमारे ४ लाख ६३ हजार क्युसेक लागतील. रोजच्या बातम्यांत तुम्ही ऐकता त्या विसर्गाशी हा आकडा ताडून बघा, मेसेज तिथेच संपतो.

व्हिडिओबाबत. एआयनं बनवलेले तुकडे अजून तरी लहान असतात, काही सेकंदांचे, आणि जोडून लांब केलेले. जोडावर पुलाची कमान किंवा पाण्याचा रंग बदलतो. फलकावरची जोडाक्षरं बिघडलेली असतात. पण या खुणा दर सहा महिन्यांनी कमी होत चालल्यात, त्यांच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा ग्रुपमध्ये विचारा: ‘पलीकडच्या काठावरून कुणी काढलाय का?’ खऱ्या पुराला शेकडो कॅमेरे असतात, बनावट पुराला एकच कोन असतो. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका. बऱ्याचदा २०१९ चाच जुना व्हिडिओ निघतो. एआयपेक्षा जुनाच माल नव्या तारखेनं विकण्याचा धंदा अजूनही जास्त चालतो.

आणि हे मनापासून सांगतो: फॉरवर्ड खोटा वाटला म्हणून गाफील राहू नका. खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडवणं, हा अशा खोट्याचा सर्वांत घातक परिणाम आहे. घर पूररेषेत असेल आणि पाणी चढत असेल, तर कागदपत्रं, औषधं वर हलवायला कुणाच्या व्हिडिओची वाट बघायची गरज नाही. आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १०७७ वर फोन करा आणि तिथून कळलेलं तेवढंच ग्रुपवर टाका, वेळेसकट.

प्रश्न : मजकूर एआयनं लिहिलाय का, हे सांगणारी अॅप्स मिळतात. त्यांचा उपयोग होतो का?
— महाविद्यालयीन प्राध्यापक, सातारा

आमचा सल्ला: निर्णय त्यांच्यावर सोडू नका. ओपनएआयनं स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसानं लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर त्यानं मशीनचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं. ही इंग्रजीतली गत, मराठीच्या दोन ओळींच्या मेसेजवर काय होणार? फोटोंमध्ये दडवलेल्या उगमाच्या नोंदी उपयोगी असतात, पण व्हॉट्सअॅपवरून फिरताना त्या बहुधा गळून पडतात.

प्रश्न : आमच्या उमेदवाराच्या आवाजात कुणी मतदानाच्या आदल्या रात्री क्लिप सोडली तर काय करायचं?
— कार्यकर्ता, फलटण

आदली रात्र मुद्दाम निवडतात, कारण खुलासा पोहोचायला वेळ उरत नाही. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या मतदानाच्या दोन दिवस आधी, प्रचारबंदीच्या काळात, ‘प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया’ पक्षाचे नेते मिखाल शिमेचका यांचा बनावट आवाज असाच सोडला गेला. आवाज बनवणं व्हिडिओपेक्षा सोपं आहे. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं दाखवलेल्या एका मॉडेलला नमुन्याचे तीन सेकंद पुरत होते. नेत्याची तर तासन्‌तास भाषणं यूट्यूबवर असतात. शिवाय फोनवरच्या रेकॉर्डिंगची खरखर घातली की उरलेले दोष झाकले जातात.

तयारी आधी करावी लागते. उमेदवाराचं एकच अधिकृत चॅनल ठरवा आणि ‘आमचा खुलासा फक्त इथेच येईल’ हे पंधरा दिवस आधीपासून लोकांच्या कानावर घाला. प्रत्येक सभेचं पूर्ण रेकॉर्डिंग तारखेसह ठेवा, म्हणजे तुकडा तोडून जोडला असेल तर मूळ दाखवता येतं. क्लिप आली की उमेदवारानं स्वतः, चेहरा दाखवत, अर्ध्या मिनिटात बोलावं. खोटी क्लिप पुन्हा वाजवून खुलासा करू नका, त्यानं तिचाच प्रसार होतो. निवडणूक निर्णय अधिकारी आणि पोलीस, दोघांनाही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

एक विनंती कार्यकर्ता म्हणून तुम्हाला. क्लिप खरी असेल तर तिला ‘एआय’ म्हणून झटकू नका. बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी याला खोटारड्याचा लाभ म्हटलं आहे: बनावट क्लिपांचा सुळसुळाट झाला की खऱ्या चोरीत पकडला गेलेलाही ‘हे बनावट आहे’ म्हणून सुटतो. गावोगाव हे सुरू झालं तर कुठलाच पुरावा उभा राहणार नाही.

प्रश्न : मेसेज खरा की खोटा, हे मी चॅटबॉटलाच विचारते. हे बरोबर आहे ना?
— विद्यार्थिनी, विटा

जगभर गाजलेल्या विषयासाठी काही प्रमाणात ठीक. स्थानिक विषयासाठी धोक्याचं. चॅटबॉट जे जाळ्यावर सापडतं त्यावरून बोलतो, आणि विट्याच्या किंवा खानापूर तालुक्याच्या एखाद्या बातमीवर मराठीत मोजकीच पानं असतात. तिथे कुणी दहा खोटी पानं टाकली तर तीच बहुमत ठरतात. हे काल्पनिक नाही. ‘प्रावदा’ नावानं ओळखलं जाणारं रशियाधार्जिण्या संकेतस्थळांचं जाळं माणसांपेक्षा जणू मशीनलाच वाचायला घालण्यासाठी मजकूर ओतत असतं. मार्च २०२५ मध्ये न्यूजगार्ड या संस्थेनं दहा चॅटबॉट तपासले तेव्हा त्या जाळ्यातल्या खोट्या गोष्टी त्यांनी ३३ टक्के वेळा खऱ्या म्हणून सांगितल्या.

विचारायचंच असेल तर ‘हे खरं का?’ असं विचारू नका. ‘ही माहिती प्रथम कुणी, कधी दिली? दुवे दे’ असं विचारा, आणि दुवा स्वतः उघडा. दुवा उघडलाच नाही, किंवा उघडल्यावर त्यात ती गोष्ट नसली, तर उत्तर सोडून द्या. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचा मेसेज असेल तर पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक बघा. जिल्ह्याची गोष्ट असेल तर जिल्हा माहिती कार्यालय.

प्रश्न : आमच्या भागात ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ असे मेसेज अधूनमधून येतात. मी गावच्या ग्रुपचा अॅडमिन आहे. माझी जबाबदारी किती, आणि नेमकं करायचं काय?
— ग्रुप अॅडमिन, जत तालुका

याच मेसेजनं माणसं मारली आहेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्याच जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मारहाण झाली. २०१८ मध्ये देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या जनजागृतीपटाचा होता, शेवटचा खुलासा तेवढा कापलेला. नुसती कात्री पुरली. आता एआयनं त्यात तुमच्या एसटी स्टँडचं नाव, गाडीचा नंबर, पोलिसाचा आवाज आणि तुमची बोली घालता येते.

मेसेजवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला आहे, म्हणजे ‘माझ्या डोळ्यांनी बघितलं’ हे वाक्य ज्यानं पाठवलं त्याचं नाही. उलट ती खूण नसली म्हणून खरा समजू नका. बाण टाळायला मजकूर कॉपी करून चिकटवतात. मेसेज आला की आधी पाठवणाऱ्याला वैयक्तिक फोन करा: ‘तुला कुणी दिला?’ दोन-तीन फोनांत साखळी गावाबाहेर जाते आणि तिथे संपते. मग पोलीस पाटील किंवा ठाण्याला विचारा. तातडी असेल, कुणाला अडवून ठेवलं असेल, तर ११२. तोवर ग्रुप सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ करा. रात्र शांत जाते. अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढूनही टाकता येतो, पण काढण्याआधी पुरावा घ्या.

कायद्याचं म्हणाल, तर सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. खोटी माहिती पसरवून लोकांत भय किंवा तेढ निर्माण करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लागू शकतं आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड.

पुरावा असा ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ एकत्र दिसली पाहिजे. नाव सेव्ह असेल तर नंबर झाकला जातो, म्हणून संपर्काची माहिती उघडून दुसरा स्क्रीनशॉट घ्या. ऑडिओ-व्हिडिओची फाइल फोनमधून पुसू नका, नाव बदलू नका, कुणाला पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते आणि तपासणीच्या कामाची राहत नाही. ग्रुपचं चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे. पैसे गेले असतील तरच आधी १९३० वर फोन करा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावा लागतो. तो काढायला पोलीस मदत करतात, पण त्यासाठी मूळ फाइल असलेला फोन त्यांच्या हातात द्यावा लागेल. म्हणून तो फोन विकू नका आणि रिसेटही मारू नका.